हलकी ओढ

आमचे हे गल्लीच्या तोंडाशी आले की मला मोरीत भांडी घासतानाही कळायचं. मोटरसायकली गल्लीत काही कमी नव्हत्या, पण ह्यांच्या इंजिनाच्या माथ्यातून एक बारीक टिकटिक यायची, कोणी बशीवर चमचा वाजवत बसल्यासारखी. लग्नानंतर पहिल्यांदा मागे बसले तेव्हा मी घाबरून म्हटलं, अहो, आत काहीतरी सुटलंय. हे हसले. म्हणाले, "सुटलेलं नाही, व्हॉल्व्ह बोलतायत. बोलणाऱ्या व्हॉल्व्हची काळजी करायची नसते. गप्प बसला की समजावं, आतल्या आत जळतोय."

मी म्हटलं, "म्हणजे माझी काळजी तुम्हाला जन्मभर नको."

तेही खरंच. गप्प बसणाऱ्यांतली मी नव्हेच. ती टिकटिक कानावर आली की मी चहाचं आधण ठेवायचे, आणि हे गाडी स्टँडवर लावून, हात धुऊन येईपर्यंत चहा गाळून तयार असायचा. अख्खा संसार आम्ही असा आवाजावर चालवला.

हे चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचे. मालक पुढे गिऱ्हाइकाशी गोड बोलणार, आणि हे फळीच्या मागे बसून काच घासणार, फ्रेमीत बसवणार, मुंगीएवढे स्क्रू पिळणार. आमची ओळखही तिथलीच. माझा चष्मा सारखा नाकावरून घसरायचा. ह्यांनी तो काढून घेतला, नाकाला टेकणाऱ्या दोन्ही गाद्या बोटांनी किंचित दाबल्या आणि परत माझ्या डोळ्यांवर चढवला. "ओझं वाटायला नको आणि घसरायलाही नको," म्हणाले. मग कानामागची काडी सारखी करण्यात उगाचच वेळ लावला. पुढच्या आठवड्यात मी तो चष्मा मुद्दाम वाकडा करून नेला. आता या वयात लपवून काय करायचंय.

स्वभावाने एककल्ली. गाडीला परका हात लागलेला खपायचा नाही. नाक्यावरचा गॅरेजवाला ह्यांना चिडवायचा, "काका, तुमची गाडी आमच्या दारावरून जाताना मान फिरवते." हे नुसते हसायचे. सुट्टीच्या दिवशी सकाळी घरामागच्या मोकळ्या जागेत, पत्र्याखाली, ह्यांचं काम चालायचं. एका बाजूला माझी कपड्यांची दोरी, दुसऱ्या बाजूला उघडं इंजिन. ह्यांना काम करताना मोठ्याने बोलायची सवय होती, आणि मला ऐकून न ऐकल्यासारखं करायची. त्यामुळे कपडे वाळत घालता घालता माझं शिक्षण झालं, मला नको असताना.

व्हॉल्व्ह म्हणजे इंजिनाची झाकणं. एक पेट्रोलला आत घेतं, दुसरं धूर बाहेर सोडतं. वर कॅम नावाचं एक उंचवट्याचं चाक फिरतं, ते एका दांडीला टोला देतं, दांडी झाकण दाबते. दांडी आणि झाकण यांच्यात केसाएवढी फट ठेवावी लागते. तीच टिकटिक करते. फट उरली नाही तर झाकण पुरतं मिटत नाही, आणि आतली आग त्याच्या कडेने निसटत निसटत ती कड खाऊन टाकते.

फट मोजायच्या आधी इंजिन योग्य जागी आणायचं. बाजूची टोपी काढून पान्याने ते हळूहळू फिरवायचं, आतल्या चाकावरची रेघ खाचेसमोर आली की थांबायचं. गंमत अशी की रेघ दर फेऱ्याला जुळते, पण एक आड एक फेरा खोटा असतो. खऱ्या फेऱ्यात दोन्ही दांड्या बोटाने हलवल्या की डुगडुगतात. खोट्या फेऱ्यात ताठ उभ्या. नुसती रेघ बघून जो कामाला लागला त्याचं सगळं मुसळ केरात. मी म्हणायचे, "तुमच्या हो म्हणण्यासारखंच की हे. एक आड एक खरं."

मग पातं. फिलर गेज म्हणजे पातळ पोलादी पात्यांची जुडी, प्रत्येक पात्याची जाडी वेगळी. नेमकं पातं फटीत सरकवायचं आणि मागे खेचायचं. सुळकन बाहेर आलं तर फट जास्त. अडलं तर कमी. येताना हलकी ओढ लागली पाहिजे. एकदा मी दोरीवरूनच विचारलं, "हलकी म्हणजे केवढी?" ह्यांनी विचार केला. आमची लेक तेव्हा तान्ही होती. म्हणाले, "ती झोपली की तिच्या मुठीतून आपलं बोट सोडवून घेतो ना आपण. तेव्हा लागते तेवढी."

हे असं बोलणारा माणूस. कुठे जाऊन भांडणार याच्याशी.

या सगळ्यात एक लाकडी खुर्ची होती. हातांची, पाठीला वेताची. ती माझ्या सासऱ्यांची. सासऱ्यांना साखर होती, आणि साखरेने त्यांना खालून वर खाल्लं. आधी पाय बधिर झाले. रस्त्यात पायातली चप्पल निघून मागे पडायची आणि ते तसेच पुढे चालत राहायचे. लोक मागून चप्पल घेऊन पळत यायचे. मग हाताच्या बोटांतली जाणीव गेली, मग शर्टाची बटणं लावता येईनात. मग ते खिडकीशी त्या खुर्चीत बसले आणि परत उठलेच नाहीत. म्हणजे उठवून न्यायचो आम्ही, पण माणूस उठला नाही. कितीतरी वर्षं तसे बसले होते. भेटायला येणारे आधी त्यांच्याशी बोलायचे, मग त्यांच्याविषयी बोलायला लागले, त्यांच्यासमोरच.

ते गेल्यावर ह्यांनी ती खुर्ची मागे पत्र्याखाली नेली आणि तिच्यावर पाने, स्क्रू, तेलाचा डबा मांडायला सुरुवात केली. "मी काही झालं तरी हिच्यात बसायचा नाही," म्हणाले. तेव्हा ह्यांना स्वतःला साखर निघाली होती. गोळ्या चालू होत्या. मी ह्यांच्या चहातली साखर तेवढी बंद केली.

पुढचं सगळं हळूहळू झालं. दुकानात स्क्रू हातातून पडायला लागले. एका बाईंची महागाची काच ह्यांच्या चिमटीतून निसटली. मालकाने आरडाओरडा केला नाही, तो केला असता तर बरं झालं असतं. गोड आवाजात म्हणाला, काका, आता घरी आराम करा. हे घरी आले आणि मला सांगितलं, "डोळे थकलेत गं माझे." मी म्हटलं, "चष्म्याच्या दुकानात तुम्हाला चष्मा मिळेना होय?" हसले. मीही हसले. कसले डोळे, पण मला तेव्हा कळायला नको?

त्याच सुमारास ह्यांना बुटांची हौस लागली. नाडीचे, टाच धरून ठेवणारे बूट, घरातही घालून फिरायचे. रात्री झोपताना काढायचे ते पलंगाच्या पलीकडे वळून, माझ्याकडे पाठ करून. मोजेही दुसऱ्याला धुवायला द्यायचे नाहीत. मी माझ्या ताईला फोनवर सांगून हसायचे, म्हातारचळ लागलाय, साहेब झालेत.

दुकान सुटल्यावर ह्यांच्याकडे गाडीच राहिली. मला बाजारात न्यायचं, ताईकडे न्यायचं, आणि सुट्टी असो नसो, इंजिन उघडायचं. एकदा इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचा तांब्याचा वॉशर हरवला. दिवसभर शोधला. मी तिथून झाडू फिरवला होता एवढं निमित्त पुरलं. "तू केरात टाकलास," म्हणाले. मी म्हटलं, तुमचा वॉशर मी केरातच काय, तिजोरीतही ठेवणार नाही. दुसराच कुठलातरी लावला, तिथून तेल पाझरायला लागलं, आणि तेलाचा थेंब दिसला की मला टोमणा. जेवतानासुद्धा. मी ऐकून घेतलं असं समजू नका. मीही व्याजासकट परत केलं.

मग एका संध्याकाळी मी डाळ निवडत बसले होते, आणि हे दारात उभे.

"आज चहा नाही?"

"अहो, तुम्ही आलेलं कळलंच नाही मला."

ह्यांचा चेहरा फुलला. "असं काम केलंय या वेळी. आवाज म्हणून नाही. लोण्यासारखी चालते."

माझा हात डाळीतच राहिला. गप्प बसला की समजावं, आतल्या आत जळतोय. ज्याने मला हे शिकवलं तोच माणूस समोर उभा राहून खूश होता. एरवी मी फाडकन बोलले असते. त्या दिवशी माझी जीभ उचलली नाही, कारण मला गाडीची नाही, दुसऱ्याच गोष्टीची भीती वाटली. मी चहा केला आणि मुद्दाम पेल्यात दिला, स्टीलच्या, उकळता. मला तो पदराशिवाय धरवत नव्हता. ह्यांनी सगळी बोटं त्याच्याभोवती लपेटली आणि वर्तमानपत्र वाचत निवांत बसले.

मी पेला काढून घेतला. बोटांची टोकं लालबुंद झाली होती. ह्यांनी आधी बोटांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"कधीपासून?" मी विचारलं.

"मुंग्या येतात जराशा. बोटांनाच. पाय ठणठणीत आहेत."

मी त्या वाक्याला धरून बसले. बुडणाऱ्याला काय, काडीसुद्धा पुरते. पाय ठीक आहेत म्हणजे अजून वेळ आहे, असं मी स्वतःला सांगितलं.

ओढ कळत नव्हती म्हणून हे पातं घट्ट अडेपर्यंत स्क्रू पिळत होते. अडलं की म्हणायचे, लागली. फट राहिलीच नव्हती. आणि तशीच गाडी किती दिवस फिरत होती देव जाणे. हळूहळू ती चढाला दम टाकायला लागली, तापली की सुरू होईना. मी म्हटलं, नाक्यावर टाकू या.

"आज गाडी नाक्यावर टाकशील," हे म्हणाले, "उद्या मला खुर्चीत टाकशील."

असं तोडून बोलले. आवाज चढवला नाही, पण मला रडू आलं. ह्यांच्या दृष्टीने हिशेब एवढाच होता. गाडी हातात आहे तोवर हे सासऱ्यांसारखे नाहीत. ती गेली की झालं. मी पदराने नाक पुसलं आणि म्हटलं, "मग मी करते. डोकं तुमचं, बोटं माझी."

"तुला जमायचं नाही."

"तुमच्याशी संसार जमला. पातं काय चीज आहे."

इंजिन गार हवं म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी बसलो. ह्यांनी खुर्चीवर पाने मांडले. मी पदर खोचून खाली फरशीवर. टाकी काढली, झाकणं काढली. मी पान्याने इंजिन फिरवलं, रेघ आली, मी म्हटलं, आली.

"खरी का खोटी?"

मी दांडीला बोट लावलं. ताठ. "खोटी."

"शाबास. अजून एक फेरा."

दुसऱ्या फेऱ्यात एक दांडी डुगडुगली, पण अगदी नावाला. धुराकडची मात्र तशीच ताठ. "ही दोन्ही फेऱ्यांत ताठच," मी म्हटलं. ह्यांनी स्क्रू धरून ठेवणारा चेकनट सैल करायला सांगितलं. मी केला, स्क्रू उलटा फिरवला, पातं आत सरकवलं आणि ओढलं. सुळकन आलं. थोडं आवळलं. अडलं. सैल केलं. सुळकन.

"ओढ लागते का?"

"मला काय माहीत कशी लागते. तुम्ही बघा."

ह्यांनी माझ्या हातावर हात ठेवला, पातं धरलेल्या माझ्या बोटांवर स्वतःची बोटं ठेवली, आणि आम्ही दोघांनी मिळून ओढलं. मी ह्यांच्याकडे बघत होते. हे डोळे मिटून, मान एका बाजूला कलती करून वाट बघत होते, पलीकडून कोणी हाक देईल तशी. मग हात काढून घेतला. "तूच बघ," म्हणाले. "लेकीची मूठ आठव."

मी डोळे मिटले. स्क्रू केसभर फिरवला आणि पातं ओढलं. आणि लागली. अगदी तीच. सोडायचं तर आहे, पण सोडवत नाही, अशी.  मी म्हटलं, "आली हो. आली ओढ." ह्यांचा चेहरा अगदी तसा झाला, दुकानात पहिल्यांदा माझ्या नाकावर चष्मा ठेवला तेव्हासारखा. चेकनट आवळताना स्क्रू सरकला, ओढ गेली, मी नटाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, परत जुळवलं. दुसरा व्हॉल्व्हही केला. झाकणं लावली. टाकी चढवली. वॉशरवरून टोमणा आला नाही तेव्हाच मला कळायला हवं होतं की हे किती आशेवर होते.

हे गाडीशी उभे राहिले. किकवर पाय ठेवला आणि मारली.

या गाडीची किक मी जन्मभर बघितली होती. ती आधी अडायची. अख्ख्या अंगाचा भार द्यावा लागायचा, मग ती खाली जायची. आज ती ओल्या गादीवर पाय पडावा तशी गेली. झाकणं नीट मिटली की किकेला लागतो तो दाब म्हणून नव्हताच. व्हॉल्व्हची कड जळून गेली होती, आता फट कितीही नेमकी ठेवली तरी झाकण मिटणार नव्हतं. मला दिसलं ते. लहान मुलालाही दिसलं असतं.

"दाब छान आहे," हे म्हणाले. "लागेल आता." परत मारली. परत मारली. किक पोकळ जात होती आणि हे घामाघूम होऊन मला सांगत होते, "पायाला लागतोय ना दाब. लागेल."

मग मी दुसरी गोष्ट बघितली. प्रत्येक किकेआधी हे खाली बघत होते. पाय कुठे आहे ते बघून, उचलून, किकवर ठेवत होते. आधी पाय जातात, मग हात. सासऱ्यांचं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि तरी ‘बोटांनाच’ म्हणाले ते मी गिळलं होतं. गियर पायाने. ब्रेक पायाने. मी मागे बसून ताईकडे जात होते, पिशवी मांडीवर घेऊन.

"बास करा," मी म्हटलं. "पोकळ जातेय ती."

"नाही गं. लागतोय दाब."

मी पुढे झाले, खाली वाकले आणि हाताने किक दाबली. एका हाताने, पिठाचा डबा मिटावा तशी ती खाली गेली. हे माझ्या हाताकडे बघत राहिले. नंतर म्हणाले, "जळला."

  ह्यांनी पाने एकेक करून पुसले, पेटीत ठेवले. तेलाचा डबा खाली ठेवला. खुर्ची मोकळी झाली. मग हातांवर भार देऊन हे तिच्यात बसले, सासरे बसायचे तसेच, गुडघे जरा बाहेर टाकून. मी दुसरीकडे बघितलं.

जरा वेळाने मी पायाशी जाऊन बसले आणि नाडीला हात घातला. "नको," म्हणाले. मी ऐकलं नाही. मग परत नको म्हणाले नाहीत. डावा बूट काढला. उजवा काढताना मोजा आतल्या गादीला चिकटलेला होता, ओढून सोडवावा लागला. बूट उलटा झाला आणि काहीतरी टणकन फरशीवर पडलं, गोल गोल फिरत जाऊन खुर्चीच्या पायाशी थांबलं. मोज्याचा तळवा काळपट, कडक झाला होता. मी तो सोलून काढला. तळव्याच्या मधोमध वॉशरएवढं वर्तुळ होतं, खोल, आणि त्याचा वास येत होता.

"काय पडलं?" ह्यांनी वरून विचारलं. ह्यांना दिसत नव्हतं.

"वॉशर," मी म्हटलं. "तांब्याचा."

"सापडला ना शेवटी," हे म्हणाले. "आणि मी आपला तुला उगाच बोलत होतो."